स्पेक्ट्रम ॲनालायझरवर डिश लावतोय: पडद्यावर उंची दिसते, रिसीव्हर मात्र धरत नाही

तबकडी९०

९० सेंटिमीटरची ऑफसेट डिश, त्यावर युनिव्हर्सल एलएनबी (डिशच्या तोंडाशी बसणारा, आलेली फ्रिक्वेन्सी खाली आणणारा भाग), लोकल ऑसिलेटर, म्हणजे सिग्नलमधून वजा होणारी फ्रिक्वेन्सी, ९.७५ आणि १०.६० गिगाहर्ट्झ. केबल आरजी-६, सगळी मिळून १५ मीटर, मध्ये एक जोड आहे. ॲनालायझर हातात मावणारा, ६ गिगाहर्ट्झपर्यंत चालणारा, आरबीडब्ल्यू (एका वेळी मोजायच्या खिडकीची रुंदी) जास्तीत जास्त ८५० किलोहर्ट्झ. एलएनबीला बेंच सप्लायवरून १८ व्होल्ट, बायस-टीमधून (केबलवर डीसी चढवणारा जोड). स्पॅन ९५० ते २१५० मेगाहर्ट्झ, बाकी सगळं ऑटोवर.

पाच गोष्टींचा उलगडा होत नाहीये.

११७७८ मेगाहर्ट्झचा आडव्या पोलरायझेशनचा ट्रान्सपाँडर (उपग्रहावरचा एक चॅनेल), १०६०० वजा जाऊन, ११७८ वर दिसायला हवा. तिथे काहीतरी दिसतं, पण मध्य सात-आठ मेगाहर्ट्झने सरकलेला आणि रुंदीही जुळत नाही. दुसरं, डिश कितीही फिरवली तरी पठारं (ट्रान्सपाँडरचे सपाट उंचवटे) तळापासून (सिग्नल नसतानाची नॉइजची पातळी) ३-४ डीबीच्या वर जात नाहीत, आणि एलएनबीची वीज बंद केली तरी तळ जागचा हलत नाही. तिसरं, १८०५ ते १८८० च्या दरम्यान एक टेकाड आहे, ते डिश फिरवूनही तसंच राहतं. चौथं, पठारांच्या माथ्यावर एक बारीक लाट आहे, दोन शिखरांत साधारण २१ मेगाहर्ट्झ. पाचवं सगळ्यात त्रासदायक: ॲनालायझर काढून रिसीव्हर लावला की आडवे ट्रान्सपाँडर कसेबसे येतात, उभे धरतात आणि सुटतात. पडद्यावर दोन्हींची उंची सारखीच दिसते.

आरएफ_कट्टा

पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या बेंच सप्लायमध्येच आहे. सप्लाय १८ व्होल्ट देतो, म्हणजे पोलरायझेशन आडवं झालं. पण वरच्या पट्ट्यात जायला एलएनबीला २२ किलोहर्ट्झचा टोन लागतो, सुमारे ०.६ व्होल्ट पीक-टू-पीक, त्याच डीसीवर बसलेला. तो सप्लायमध्ये नाही. म्हणून एलएनबी खालच्या पट्ट्यातच, ९.७५ वर बसलाय. ११७८ वर तुम्हाला जे दिसतंय ते ९७५० अधिक ११७८, म्हणजे १०९२८ मेगाहर्ट्झच्या आसपासचं काहीतरी आहे. ट्रान्सपाँडरच दुसरा, मग मध्य आणि रुंदी कशी जुळणार?

टोन जनरेटर शोधत बसण्यापेक्षा रिसीव्हरलाच कामाला लावा. दोन फाट्यांचा सॅटेलाइट स्प्लिटर घ्या, ५ ते २४०० मेगाहर्ट्झचा, ज्याच्या एकाच फाट्यातून डीसी जातो असा. एलएनबीची केबल इनपुटला, डीसी जाणारा फाटा रिसीव्हरला, दुसरा फाटा ॲनालायझरला. आता व्होल्टेज आणि टोन दोन्ही रिमोटवरून बदलतात. स्प्लिटर साधारण ४ डीबी खातो, इथे ते चालतं. मात्र रिसीव्हर ज्या ट्रान्सपाँडरवर उभा असेल त्याच पोलरायझेशनचं आणि त्याच पट्ट्याचं चित्र दिसणार. तो स्टँडबायला गेला किंवा स्वतःहून शोध घ्यायला लागला की पडदा अचानक बदलतो. असं झालं की पहिला संशय रिसीव्हरवर घ्यावा, डिश हलवू नये.

एक सावधगिरी. बायस-टी असो वा स्प्लिटर, ॲनालायझरच्या तोंडाशी वेगळा डीसी ब्लॉक हवाच. आणि ॲनालायझर लावण्याआधी त्या टोकावर मल्टिमीटर लावून शून्य व्होल्ट आहेत याची खात्री करा. काही स्प्लिटरवर एका फाट्याचं चिन्ह छापलेलं असतं आणि आत डीसी दोन्हीकडे जात असतो. शिवाय ब्लॉक म्हणजे शेवटी कपॅसिटर. चालू तारेवर कनेक्टर फिरवला तर १८ व्होल्टची उडी क्षणभर त्यातूनही पलीकडे जाते आणि इनपुटचा मिक्सर किंवा ॲम्प्लिफायर तेवढ्याने जातो. सगळं बंद ठेवून जोडा, मग वीज द्या. बेंच सप्लाय वापरायचाच असेल तर करंट लिमिट ३०० मिलिॲम्पवर ठेवा आणि व्होल्टेजची खुंटी शून्यापासून हळूहळू वर न्या.

७५ आणि ५० ओहमची काळजी करू नका. न जुळण्याचा तोटा ०.२ डीबीसुद्धा भरत नाही. जुळवणारं पॅड लावलंत तर तेच ५.७ डीबी खाईल.

तरंग१२गिगा

दुसरा मुद्दा, न हलणारा तळ. पाचांपैकी हा आधी सोडवा, कारण तो सुटेपर्यंत पडद्यावरच्या कुठल्याही डीबीला अर्थ नाही.

तुम्हाला दिसतोय तो तळ एलएनबीचा नाही, ॲनालायझरचा स्वतःचा आहे. ऑटोवर ठेवलं की अशी यंत्रं २०-३० डीबी ॲटेन्युएशन टाकून बसतात. हिशेब करून बघा: आकाश आणि एलएनबी मिळून नॉइज तापमान १०० केल्विन धरलं तर दर हर्ट्झला उणे १७८.६ डीबीएम. एलएनबीचा गेन ५५ डीबी, ८५० किलोहर्ट्झ आरबीडब्ल्यूचे ५९.३ डीबी. एलएनबीच्या आउटपुटला तळ आला उणे ६४ डीबीएमच्या आसपास. केबल आणि स्प्लिटरमध्ये ८ डीबी गेले की उणे ७२. ॲनालायझरचा स्वतःचा तळ शून्य ॲटेन्युएशनला उणे ८० असला, तर २५ डीबी आत टाकल्यावर तो उणे ५५ होतो. एलएनबीचा तळ त्याच्याखाली पूर्ण बुडतो आणि कॅरियरची फक्त टोकं वर राहतात. तुमचे ३-४ डीबी ते हेच.

ॲटेन्युएशन हाताने शून्यावर आणा, रेफरन्स लेव्हल उणे ३०, दर चौकोनाला ५ डीबी. आरबीडब्ल्यू ३०० किलोहर्ट्झ पुरे, व्हीबीडब्ल्यू (रेषा गुळगुळीत करणारी गाळणी) १० किलोहर्ट्झ किंवा आठ-दहा स्वीपची सरासरी. मॅक्स होल्ड (सर्वात उंच वाचन धरून ठेवणं) बंद. मॅक्स होल्डवर डिश लावणारे जुन्याच शिखराकडे बघत बसतात.

आता कसोटी: एलएनबीची वीज तोडा. तळ निदान १० डीबी खाली पडला पाहिजे. १० पडला तर वाचनातली चूक अर्ध्या डीबीच्या आत राहते. ३ डीबीच पडला तर दिसणाऱ्या तळात अर्धा वाटा यंत्राचा आहे. यंत्रात आतला प्रीॲम्प्लिफायर असेल तर तो अशा वेळी लावायचा.

दुसऱ्या टोकाची चूक म्हणजे ओव्हरलोड. एक ट्रान्सपाँडर उणे ३५ डीबीएम धरला तर वीस मिळून उणे २२ होतात, आणि इनपुटला ते सगळे एकदमच लागतात. तपासायला ॲटेन्युएशन १० डीबी वाढवा. यंत्र ती भर आकड्यात परत घालतं, म्हणून पठारांचा माथा जागेवर राहिला पाहिजे. माथा सरकला किंवा मधले काही उंचवटे गायब झाले, तर ते उंचवटे आकाशातले नव्हतेच, मिक्सरमध्ये तयार झाले होते.

पठाराचा माथा आणि शेजारचा मोकळा तळ यांतला फरक म्हणजे जवळजवळ तुमचा सी/एन (सिग्नल आणि नॉइजचं गुणोत्तर). पण माथ्यात सिग्नलबरोबर नॉइजही मोजला जातो. १० डीबी दिसले तर खरे साडेनऊ, ३ दिसले तर खरा शून्य. डीव्हीबी-एस२ या उपग्रह प्रक्षेपणाच्या मानकाला, मॉड्युलेशन आणि त्रुटी-सुधारणेच्या दराप्रमाणे, आदर्श परिस्थितीत क्यूपीएसके ३/४ साठी ४.० डीबी लागतात, ८पीएसके २/३ साठी ६.६, ८पीएसके ३/४ साठी ७.९, ८पीएसके ५/६ साठी ९.४. यावर पावसासाठी ३-४ डीबी हाताशी हवेत.

एलएनबीची तब्येतही अशीच कळते. डिश उपग्रहांच्या कमानीपासून दूर मोकळ्या आकाशाकडे वळवा आणि फीडच्या तोंडावर तळहात ठेवा. थंड आकाशाच्या जागी ३०० केल्विनचा हात आला की तळ ४ ते ६ डीबी चढतो. एक-दोनच चढला तर एलएनबी थकलाय, नाहीतर अजून ॲनालायझरचाच तळ बघताय.

उभाआडवा

पाचवा प्रश्न स्क्यूचा, म्हणजे एलएनबी स्वतःभोवती किती फिरवलाय त्या कोनाचा आहे, आणि इथे ॲनालायझर सरळसरळ फसवतो.

एलएनबी स्वतःभोवती चुकीच्या कोनात फिरलेला असला की हव्या पोलरायझेशनचा थोडा भाग जातो आणि नको त्याचा थोडा आत येतो. जाणारा भाग कोसाइनच्या वर्गाने, येणारा साइनच्या वर्गाने. १० अंश चुकलात तर हवा सिग्नल फक्त ०.१३ डीबीने कमी होतो. पडद्यावर कोणाला दिसणार ते? तेवढ्याच चुकीने उलट पोलरायझेशन मात्र उणे १५ डीबीला येऊन बसतं. ५ अंशांना उणे २१, ३ अंशांना उणे २६.

आता २० अंश धरा. हवा सिग्नल ०.५ डीबीने उतरला, पण उलटा सिग्नल त्याच्यापेक्षा फक्त ८.८ डीबी खाली आहे. सी/एन १४ डीबी असला तरी दोन्ही मिळून रिसीव्हरच्या हाती ७.६ डीबी उरतात. ८पीएसके ३/४ ला ७.९ हवेत. धरतो आणि सुटतो, तो असा. आणि पडद्यावर उंची सारखीच का? तुमच्या पठारावर उलट पोलरायझेशनचं पठार बसतं, एकाचा तोटा दुसऱ्याने भरून निघतो. दोन्ही सारख्या ताकदीचे आणि एकाच जागी असतील तर एलएनबी कितीही फिरवा, माथा तसूभरही हलणार नाही.

म्हणून स्क्यू लावताना शिखर शोधायचं नाही, खड्डा शोधायचा. बऱ्याच उपग्रहांवर उभे आणि आडवे ट्रान्सपाँडर एकमेकांपासून अर्ध्या अंतराने सरकवलेले असतात. म्हणजे आडव्या दोन पठारांमधल्या दरीत उभ्या पठाराचा मध्य येतो. पठारं ४० मेगाहर्ट्झच्या अंतरावर आणि ३६ रुंद असतील तर दरी ४ मेगाहर्ट्झची. तीवर १०० मेगाहर्ट्झ स्पॅनने झूम करा, आरबीडब्ल्यू ३०० किलोहर्ट्झच्या वर नको. मार्कर दरीच्या तळाशी ठेवा आणि एलएनबी दोन-दोन अंशांनी फिरवा. दरी सगळ्यात खोल होते तिथे थांबा. त्याहून सोपं म्हणजे फ्रिक्वेन्सीच्या यादीत असा तुकडा शोधा जिथे एकाच पोलरायझेशनवर कॅरियर आहे. रिसीव्हर उलट्या पोलरायझेशनवर ठेवा आणि तो कॅरियर नाहीसा होईपर्यंत फिरवा. ही खूण शिखरापेक्षा कितीतरी टोकदार असते.

सुरुवातीचा कोन गणिताने काढा: स्क्यूचा टॅन्जंट बरोबर उपग्रह आणि तुमची जागा यांच्या रेखांशातल्या फरकाचा साइन भागिले तुमच्या अक्षांशाचा टॅन्जंट. उत्तर गोलार्धात डिशच्या पाठीमागे उभं राहून आकाशाकडे बघताना पश्चिमेकडच्या उपग्रहासाठी एलएनबी घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो, पूर्वेकडच्यासाठी उलटा. समोरून बघाल तर दिशा उलटी वाटते आणि नेमकी इथेच दुप्पट चूक होते. काही उपग्रहांचं पोलरायझेशन मुळातच तिरकं असतं, त्यामुळे गणित सुरुवातीपुरतंच. शेवटचा शब्द दरीचा.

मल्टिमीटर

उरलेल्या दोन गोष्टी.

१८०५ ते १८८० हा मोबाइलच्या १८०० च्या पट्ट्यातला टॉवरकडून फोनकडे येणारा भाग आहे. एलएनबीची वीज तोडा. टेकाड तसंच राहिलं तर ते आकाशातून येत नाही, केबलमध्ये घुसतंय: उसवलेली जाळी, पिळून बसवलेला ढिला एफ कनेक्टर, किंवा स्वस्त स्प्लिटरची पत्र्याची टोपी. दुर्लक्ष करण्यासारखं नाही, कारण वरच्या पट्ट्यात त्याच जागी १२४०५ ते १२४८० मेगाहर्ट्झचे ट्रान्सपाँडर येतात. एकेक जोड हाताच्या मुठीत धरून बघा. मूठ आवळल्यावर टेकाड कमी-जास्त होतं तो जोड दोषी. घरातल्या कॉर्डलेस फोनचा डीईसीटी पट्टा अनेक ठिकाणी १८८० ते १९०० असतो. तुमच्या टेकाडाला १८८० च्या पुढे तुटक शेपूट दिसली तर ती त्याची.

लाटेचं गणित सोपं आहे. केबलमध्ये दोन ठिकाणी सिग्नल परत फिरला की लाट उठते, आणि दोन शिखरांतलं अंतर त्या दोन ठिकाणांमधली लांबी सांगतं. फोम डायइलेक्ट्रिकच्या आरजी-६ मध्ये वेग प्रकाशाच्या ८३ टक्के, म्हणून १२५ भागिले मेगाहर्ट्झ बरोबर मीटर. तुमचे २१ मेगाहर्ट्झ म्हणजे ६ मीटर. एका टोकापासून ६ मीटरवर काय आहे ते बघा.

आणखी एक. निरोगी १५ मीटर केबलवर ९५० ला साधारण ३ डीबी आणि २१५० ला ५ डीबी जातात, म्हणजे चित्र उजवीकडे थोडं उतरतं. उतार उलटा असेल, म्हणजे डावी बाजू दबलेली, तर एफ कनेक्टरची मधली तार आखूड कापली गेलीय आणि ती टेकतच नाहीये. अशा जोडातून कपॅसिटरसारखा फक्त वरचा भाग जातो. मात्र डीसीही त्यातून जात नाही, त्यामुळे ज्या केबलने एलएनबीला वीज मिळते तिच्यावर असं झालं तर उतार दिसायच्या आधी चित्रच जाईल. ॲनालायझरच्या फाट्यावर मात्र हे हमखास दिसतं.

तबकडी९०

ॲटेन्युएशन शून्य केलं आणि स्प्लिटर लावला. वीज तोडली की तळ ९ डीबी पडतो. ११७७८ आता ११७८ वर बरोबर मध्यावर आहे, माथा तळापासून ११ डीबी. स्क्यू १८ अंश चुकला होता, समोरून मोजला होता. दरी खोल झाल्यावर उभे ट्रान्सपाँडर धरून राहिले. ॲनालायझरकडून मोजत गेलो तर ६ मीटरवर तो जोड. कापून नवीन कॉम्प्रेशन कनेक्टर लावले, लाट गेली आणि १८०० चं टेकाडही जवळजवळ गेलं.

आता ११ डीबी खरे किती? आणि डिश आणखी नेमकी कशी लावायची? शिखराजवळ मार्कर अर्ध्या डीबीत नाचतो.

तरंग१२गिगा

९ डीबी पडतो म्हणजे दिसणाऱ्या तळाचा आठवा हिस्सा यंत्राचा आहे. तो वजा केला आणि माथ्यातला नॉइजही वजा केला तर ११ चे ११.२ होतात. दोन चुका विरुद्ध दिशेच्या, जवळपास फिटल्या.

शिखरावर थांबून शिखर सापडत नाही. ९० सेंटिमीटरच्या डिशचा बीम १२ गिगाहर्ट्झला सुमारे २ अंश, म्हणजे मध्यापासून १ अंश सरकलात की ३ डीबी जातात. पण पाव अंशाला ०.२ डीबीसुद्धा जात नाहीत. म्हणून एका बाजूला ३ डीबी उतरेपर्यंत फिरवा, खूण करा, दुसऱ्या बाजूला ३ डीबी उतरेपर्यंत, खूण, आणि बरोबर मध्यावर आणा. खूण खांबावर करू नका: ६० मिलिमीटरच्या खांबावर १ अंश म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर. ब्रॅकेटला ५० सेंटिमीटरची पट्टी बांधा, तिच्या टोकाला १ अंश म्हणजे पावणेनऊ मिलिमीटर येतात. आधी दिगंश, मग उन्नतांश, मग पुन्हा दिगंश.

आरएफ_कट्टा

आणि ज्या उपग्रहावर बसलात तो तोच आहे ना, हे रिसीव्हरने धरलेल्या ट्रान्सपाँडरच्या एनआयटीवरून (सिग्नलसोबत येणारी नेटवर्कच्या माहितीची यादी) तपासा. ॲनालायझरला उपग्रहाचं नाव कळत नाही. शेजारचा २-३ अंशांवरचा उपग्रहही तितक्याच रुबाबात पठारं दाखवतो. सुट्ट्या टोकदार बीकनवरून (उपग्रह सतत पाठवतो तो खुणेचा सिग्नल) ओळख पटवत असाल तर लक्षात ठेवा, साध्या डीआरओ (क्रिस्टलला न बांधलेल्या) एलएनबीचा ऑसिलेटर तापमानाने मेगाहर्ट्झ-दोन मेगाहर्ट्झ सरकतो. बीकन अपेक्षित जागी नसला म्हणजे उपग्रह चुकलाच असं नाही. सगळी यादी एकाच दिशेने तेवढीच सरकलीय का ते बघा.

तबकडी९०

एनआयटी बरोबर आहे. मध्य काढून माथा १२.५ पर्यंत आला, पण नट आवळल्यावर ११.७.

उभाआडवा

एक नट पूर्ण आवळून मग दुसरा, असं केलं असणार. ब्रॅकेट त्या बाजूला ओढला जातो. सगळे ढिले करा, पुन्हा मध्यावर आणा, मग समोरासमोरचे नट पाव-पाव फेऱ्याने आळीपाळीने आवळा, नजर मार्करवर. उन्नतांशाचे नट आवळताना डिशचं तोंड वजनाने खाली झुकतं, तेव्हा एकाने खालची कड हाताने हलकेच तोलून धरावी. शेवटी एकदा दरी बघा, आवळताना एलएनबीची पकड फिरलेली असू शकते.